प्रार्थना संपेपर्यंत इंजिन चालू

दौंड,
ता. २० ऑक्टोबर १९५८

तीर्थरूप आक्कास,
धाकट्या गिदोनचा मनापासून सलाम. वि. वि.

प्रभूच्या दयेनं आम्ही खुशाल आहोत. प्रेमाच्या गुडघ्याची कुरकुर चालू आहे. माझी बंद आहे, कारण कुरकुर करायला मला आता सवड नाही. आक्का, मी बोट घेतली.

हो, बोट. चष्मा पुसून पुन्हा वाचू नकोस, तेच लिहिलं आहे. मागं टांगायचं इंजिन असलेली, पेट्रोलवर चालणारी, लाकडी, चार माणसं ऐसपैस बसतील अशी. नदीवरच्या कामाला आलेला एक कंत्राटदार गाशा गुंडाळून निघाला. त्यानं पत्रे, दोर, घमेली सगळं लिलावात काढलं. मी घमेली बघायला गेलो होतो. घमेली दुसऱ्यानं नेली आणि मी बोट घेऊन घरी आलो. बैलगाडीवर घालून बाजारातून आणली तेव्हा निम्मं दौंड मागं लागलं होतं. एकानं तर मला विचारलं की दौंडात पूर येणार असल्याचं रेल्वेला आधीच कळलंय का. प्रेमा दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, की सारा जन्म इंजिनाच्या धुरात गेला, रिटायर झालात तेव्हा वाटलं होतं सुटले. मग आत गेली आणि भांडी जरा जास्तच आपटून घासली.

तू म्हणशील, म्हातारपणी हे काय खूळ. पण खूळ तूच डोक्यात घातलंस. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की दौंडात कोळसा आणि शंटिंगच्या खडखडाटाशिवाय आहे काय, शिरूरला निदान नदीकाठी फिरायला जाता येतं. म्हणून म्हटलं, आमच्या भीमेपुढं तुझी घोडनदी काय चीज आहे ते आक्काला दाखवावंच.

तुझी खोली तयार आहे. पुढची, रस्त्याकडची. निळा रंग दिला. पलंग खिडकीशी लावला. छत्रीला खुंटी ठोकली. स्वयंपाकघरात तू पाय ठेवायचा नाहीस असं प्रेमाला बजावलं आहे. बोर्डिंगात मॅट्रन म्हणून पुष्कळ राबलीस, आता बसून खायचं. तीस नोव्हेंबरला तुझं क्वार्टर सुटतं, एक डिसेंबरला तू दौंडात. सगळं ठरलेलं आहे, तू फक्त यायचं.

रूथचं मिरजेहून पत्र असतं. नर्सिंगच्या परीक्षेची धास्ती घेतली आहे. तिला दोन ओळी लिहीत जा.

माझ्या चुका पोटात घालून माया अशीच राहू द्यावी,
तुझा धाकटा,
गिदोन


मिशन बोर्डिंग, शिरूर,
ता. २५ ऑक्टोबर १९५८

प्रिय बंधू गिदोन यास,
कृपाबाईचा आशीर्वाद व सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं, तू नको म्हणालास तरी. सोजराबाईला वाचून दाखवलं. ती इथं इतकी वर्षं स्वयंपाक करते, पण भाकरी तव्यावर करपू दिलेली मी प्रथमच पाहिली, इतकी हसली.

घोडनदीला नावं ठेवू नकोस. सध्या तीत म्हैस बसली तरी तिची पाठ कोरडी राहते, हे खरं. पण त्यामुळं कोणी तीत बुडत नाही. तुझ्या बोटीला वल्ही आहेत ना? इंजिन पाण्यात सोडून पाहिलंस का? तुला पोहता येत नाही हे मला माहीत आहे. बोटीला ते सांगितलं आहेस का?

आता खोलीचं. गिदोन, तू हे सगळं मायेनं केलंस, मला कळतं. पण निळा रंग, खुंटी, पलंग, एक डिसेंबर, हे सगळं वाचताना मला असं वाटलं की कोणीतरी माझं सामान बांधतंय आणि मीही त्या सामानातच आहे. मी इथं पहाटे उठून घंटा देते. पाऊणशे मुलींच्या वेण्या, कवायत, खरूज, रडणं, सगळं माझ्या हाताखालून जातं. तिथं तू मला पलंगावर बसवशील, प्रेमा चहा आणून देईल, येणाराजाणारा ही आमची आक्का म्हणून दाखवून जाईल. मी महिन्याभरात मरेन रे. आजारानं नाही, बसून.

सोजराबाई म्हणते की निमोण्याला तिच्या घराला लागून एक खोली आहे, तिथं चला. ती पण आता काम सोडून गावी जाते आहे. खोली पडकी आहे, साप निघतो म्हणे. पण तिथं पोरीबाळींना शिकवायला मला कोणी नाही म्हणणार नाही. नवी मॅट्रन पहिल्या तारखेला रुजू होईल, तोपर्यंत मला काहीतरी ठरवलंच पाहिजे. रात्रंदिवस डोक्यात तेच आहे.

चौदा तारखेला चार दिवस येते. राहून बघते. त्यावर काय ते ठरवीन. आधीच हो धरून बसू नकोस.

प्रेमाला सांग, गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांध. तिला सलाम आणि तुझ्या अकलेसाठी प्रार्थना.
ममता आहेच, ती पत्रानं कळवायला नको,
कृपाबाई


दौंड,
ता. ३ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप आक्कास,
गिदोनचा सलाम. वि. वि.

तू येतेस हे वाचून आनंद झाला. पुढचं वाचलं नाही असं समज.

तुझ्या शंकांची उत्तरं देतो. वल्ही आहेत, दोन. त्यांतल्या एकावर प्रेमानं कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे आणि दुसरं शेवग्याच्या फांदीला टेकू दिलं आहे. ती बरोबर घेण्याचा विचार नाही. इंजिन असताना वल्ही नेणं म्हणजे मेल गाडीला मागं बैल बांधण्यासारखं आहे.

इंजिन पाण्यात सोडून बघायचं काय त्यात? मी जन्मभर इंजिनं चालवली. इंजिन हे इंजिन. त्याला तेल लागतं, कोळसा नाहीतर पेट्रोल लागतं, आणि मुख्य म्हणजे ते कामाला लावायच्या आधी चांगलं तापावं लागतं. शेडमध्ये आम्ही गाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी आग पेटवत असू. थंड इंजिन गाडीला लावणारा ड्रायव्हर आणि उपाशी बैल नांगराला जुंपणारा शेतकरी, दोघांची जात एकच. पेट्रोलचं असो नाहीतर वाफेचं, हा नियम बदलत नाही.

पंधरा तारखेला शनिवारी निघू. रविवारी काढली तर तू माझ्याशी बोलणार नाहीस. नवी वस्तू प्रार्थनेशिवाय वापरायची नाही ही आपल्या घरची रीत, म्हणून पाळकसाहेब येशुदास यांना समर्पणाची प्रार्थना करायला बोलावलं आहे. ते लगेच हो म्हणाले. त्यांनी आजवर घरं, विहिरी आणि एकदा शिवणयंत्र समर्पित केलं आहे. बोट त्यांनाही नवीन आहे. ते दोन दिवस बायबल घेऊन तयारीला बसले आहेत, असं त्यांच्या घरातून कळलं.

छत्री घेऊन ये. बोटीत छत्री उघडून बसलीस म्हणजे शोभा येईल.

आशीर्वादाचा हात डोक्यावरून काढू नये,
गिदोन


दौंड,
ता. १८ नोव्हेंबर १९५८

चिरंजीव रूथ हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू बोटीचं काय झालं म्हणून विचारलं आहेस. बोट सुखरूप आहे. आम्हीही आहोत. खरं म्हणजे एवढ्यावर पत्र संपवायचं होतं, पण तुझी आई म्हणते, तुम्ही लिहिलं नाही तर मी लिहीन. तिनं लिहिण्यापेक्षा मीच लिहितो.

शनिवारी सकाळी आम्ही बोट घाटाखाली नेली. तुझी आत्या छत्री घेऊन आली होती, आईनं चपात्या आणि मटणाचा डबा घेतला होता, पाळकसाहेब काळा कोट घालून आले होते. मंडळीतले लोक होते, नसलेलेही होते, आणि कोंडिबा न्हाव्यानं दुकान बंद करून तिथंच एकाची दाढी चालवली होती. बोट काठावर ओंडक्यांवर ठेवली. मागचं इंजिन जमिनीपासून वर, हवेत. मी दोर ओढला. पुन्हा ओढला. मग पुष्कळ वेळा ओढला. एकदा दोर हातात आला आणि मी चिखलात बसलो. दोर पुन्हा गुंडाळून ओढत होतो तेव्हा तुझ्या आईनं विचारलं की ही तोटी आडवी असते का उभी. पेट्रोलची तोटी बंद होती. हे मी तिला कबूल केलं नव्हतं, आता तुला लिहिलं म्हणजे तिला कळेलच.

तोटी उघडली आणि इंजिन काय लागलं! धडधड धडधड. बगळे उडाले. मंडळीनं टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला, जसं काही मीच धडधडतो आहे. पाळकसाहेब म्हणाले, आता बंद करा म्हणजे प्रार्थना करू. मी म्हटलं, बंद नको. एक तर पुन्हा लागेल याची खात्री नव्हती, आणि दुसरं म्हणजे तुम्ही प्रार्थना करेपर्यंत ते छान तापेल. मग त्यांनी इंजिनाच्या वरच्या पट्टीत सुरू केलं.

रूथ, तुला पाळकसाहेबांची प्रार्थना माहीत आहे. त्यांनी नोहाचं तारू घेतलं. तारवातली जनावरं घेतली. मोशे आणि तांबडा समुद्र घेतला, त्यात फारोचे रथ एकेक करून बुडवले. यार्देन नदी घेतली. योना माशाच्या पोटात गेला तेव्हा मला पहिल्यांदा जळका वास आला. डोळे मिटलेले, मान खाली. मी मंडळीचा पंच. प्रार्थनेत डोळे उघडणाऱ्या पोरांना मी आजवर कान धरून बाहेर काढलं आहे. मी कसे उघडू? मनात म्हटलं, तापतंय, चांगलं तापतंय. तुझ्या आईनं खोकून खूण केली. मी उलट खोकलो. पाळकसाहेब गालीलच्या वादळातून पौलाच्या फुटलेल्या जहाजापर्यंत आले तेव्हा माझ्या नाकाला झोंबायला लागलं होतं, पण एवढ्या पवित्र ठिकाणी मधेच इंजिन इंजिन म्हणून ओरडायचं कसं? आमेन झालं. डोळे उघडले तर सगळी मंडळी धुरात उभी होती, आणि सगळ्यांना वाटत होतं की हे असंच असतं. मलाही तसंच वाटलं.

आई बसली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. खरं कारण काय होतं ते मी विचारलं नाही. मी, आत्या आणि पाळकसाहेब बसलो, लोकांनी बोट ढकलली, आणि देवाच्या कृपेनं ती निघाली. कशी निघाली म्हणून सांगू! आत्यानं छत्री उघडली. मी मागं वळून आईला हात केला. तेवढ्यात मला दिसलं की डबा आईच्या हातात आहे. आणि पाण्याच्या मधोमध आलो तसं इंजिन डुकरासारखं किंचाळलं आणि अडकलं. मी काय केलं असेन? सवयीनं हात वर गेला, शिट्टीच्या दोरीला. वर आभाळ होतं.

दोर ओढला तर हलेना. वल्ही घरी. एक कपडे वाळवत होतं, एक शेवगा सांभाळत होतं. नांगर नाही. पाणी संथ होतं, पण संथ म्हणजे थांबलेलं नव्हे, ते आम्हाला घेऊन रेल्वेच्या पुलाकडं निघालं. फळ्यांच्या फटीतून पाणी आत यायला लागलं ते वेगळंच. पाळकसाहेब आपल्या टोपीनं उपसू लागले. काठावरून तुझी आई गुडघा विसरून बोटीबरोबर पळत होती आणि माझ्या नावानं काय ओरडत होती ते वाऱ्यानं मला ऐकू आलं नाही, त्याबद्दल मी वाऱ्याचा आभारी आहे.

मी घाबरलो, पोरी. चेष्टा नाही. हातात रेग्युलेटर नाही, ब्रेक नाही, रूळ नाहीत. मी आत्याकडं बघितलं आणि विचारलं, आक्का, आता काय करू.

आणि मग काय! तिनं छत्री मिटली. बसायच्या फळ्या उचकटायला लावल्या, एक मला दिली, एक साहेबांना. साहेब म्हणाले, माझा तो अभ्यास नाही. ती म्हणाली, मग आता करा. ती मागं छत्री पाण्यात धरून सुकाणू झाली आणि बोर्डिंगातल्या कवायतीसारखं मोठ्यानं एक, दोन, एक, दोन करू लागली. मी दोनला हात मारला की मला रागवायची, पाळकसाहेबांनाही रागवायची. नेमकी त्याच वेळी पुलावरून पॅसेंजर आली. ड्रायव्हर होता संपत, माझा जुना फायरमन. त्यानं मला ओळखलं. त्यानं शिट्टी दिली ती थांबवलीच नाही, आणि गाडीतली सगळी माणसं खिडक्यांत आली. त्याला मी मुलासारखा शिकवला होता.

शेवटी पलीकडच्या वाळूला लागलो. तिथून शेरडंवाली अनसाबाई गूळ कढवायच्या मोठ्या लोखंडी काहिलीत शेरडं घालून अलीकडं येत होती. तिनं आम्हाला बघितलं, इंजिन बघितलं, आणि विचारलं की ह्याचं पैकं तुम्ही दिलं का त्यांनी तुमास्नी दिलं. मग आमची बोट काहिलीला बांधून घेतली. मी आलो तो शेरडांच्या मध्ये बसून. काठावर तुझी आई होती. डबा तिनं जमलेल्या मंडळीला वाटून टाकला होता. तिनं माझा ओला सदरा मुठीत धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही.

काल मोटारवाल्याला इंजिन दाखवलं. तो म्हणाला, हे इंजिन नदीचंच पाणी आत ओढून थंड राहतं, जमिनीवर चालवायचं नसतं. आता मला सांग, मी जन्मभर पाणी तापवून पोट भरलं. पाण्यानं इंजिन थंड करतात हे माझ्या डोक्यात कसं यावं?

आत्या रविवारी उपासना झाल्यावर लगेच शिरूरला गेली. चार दिवस राहायची होती, पण तेवढीही राहिली नाही. जाताना काही बोलली नाही. खोलीबद्दलही नाही. मला वाटतं, इंजिनाबरोबर तेही बंद पडलं.

अभ्यास कर, जेवत जा,
तुझे बाबा


शिरूर,
ता. २० नोव्हेंबर १९५८

चिरंजीव रूथ हिस,
कृपाआत्याचे आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी तुला सगळं लिहिलं असेल. त्यातलं निम्मं कमी करून धरू नकोस, या खेपेस सगळं खरं आहे. फक्त पाळकसाहेबांनी तारवातली जनावरं घेतली एवढंच तुझ्या बाबांनी लिहिलं असेल, तर ते अपुरं आहे. त्यांनी कबुतर आणि कावळा वेगवेगळे घेतले.

मी लवकर का आले ते तुझ्या आईला पत्रानं कळवलं आहे, तुलाही सांगते. बोटीमुळं नाही. मी स्वयंपाकघरात गेले की तुझे बाबा मला पाटावरून उठवत. मी झाडू घेतला की तो काढून घेत. निळ्या खोलीत त्यांनी माझी खुर्चीसुद्धा कुठं ठेवायची ते ठरवलं होतं. माझे बाबा गेले तेव्हा माझं काय करायचं ते मामांनी ठरवलं. नवरा गेला तेव्हा मिशनच्या मॅडमसाहेबांनी ठरवलं. सगळ्यांनी माझं भलंच पाहिलं, कोणाला बोल लावत नाही. पण आता मला ते सोसत नाही. सोजराबाईला म्हटलं, निमोण्याची खोली सारवून घे. ती कालच गेली.

आल्यापासून मात्र एक गंमत होते आहे. मुलींना कवायत देताना एक, दोन म्हटलं की मला तुझ्या बाबांचं तोंड आठवतं आणि मी मधेच थांबते. मुली बघत राहतात. काल मला एवढं हसू आलं की कवायत सोडून द्यावी लागली. पण हसता हसता डोळ्यांत पाणी का येतं, ते मला नीट कळत नाही.

परीक्षेला दोन पेनं घेऊन जा.
देवाची छाया तुझ्यावर असो,
आत्या


दौंड,
ता. २२ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप आक्कास,
गिदोनचा सलाम. वि. वि.

निमोण्याला सोजराबाईनं खोली सारवायला घेतली हे प्रेमाकडून कळलं. वाईट वाटलं. खूप वाटलं, खोटं कशाला लिहू? दोन दिवस निळ्या खोलीचं दार लावून ठेवलं आहे, आणि त्या बाजूला जात नाही.

पण आता हट्ट करणार नाही. माझा हट्ट कुठं जाऊन आखडतो ते सगळ्या पॅसेंजर गाडीनं पाहिलं. दौंडात मला लोक काय म्हणतात ते ऐकलंस तर तू आणखी लांब जाशील. कोंडिबा दाढी करताना विचारतो की आज तापवून ठेवू का. पाळकसाहेबांनी बुधवारच्या प्रार्थनासभेत धीराविषयी उपदेश केला आणि सारखं माझ्याकडं बघितलं. अनसाबाई तर घरी येऊन प्रेमाला विचारून गेली की इंजिन विकायचं असलं तर तिला पाणी तापवायला बंब हवाच हाय.

तुझं सामान निमोण्याला मीच पोचवीन. ओळखीचा एक ट्रक आहे. तिथल्या खोलीचं छप्पर पाहीन, साप निघतो त्याचं काहीतरी करीन. तू म्हणशील ते करीन. तुझ्यावर रागावलो नाही. फक्त मला वाटलं होतं, की आता आपण दोघंच उरलो आहोत आपल्या आईबापांचे, तर एका छपराखाली असावं. एवढंच वाटलं होतं. ते बोटीच्या गडबडीत सांगायचं राहिलं.

तुझा माझ्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस,
गिदोन


शिरूर,
ता. २५ नोव्हेंबर १९५८

प्रिय गिदोन यास,
आक्काचा सलाम आणि पुष्कळ पुष्कळ माया. वि. वि.

मी दौंडला येते.

सोजराबाईला निरोप पाठवला. तिला राग आला नाही. तिनं उलट निरोप दिला की खोलीत शेरडं बांधायला जागा झाली, नाहीतर बाईंना नको कसं म्हणावं हा तिला प्रश्नच पडला होता. बघ, तिनंही ठरवूनच टाकलं होतं.

तू म्हणशील, आक्काचं मन कशानं पालटलं. तुझ्या पत्रानं थोडं पालटलं. पण खरं म्हणजे ते नदीतच पालटलं होतं आणि ते कबूल करायला मला इतके दिवस लागले. अरे, तू मला ये, ये म्हणून लिहीत होतास तेव्हा मला दौंडची भीतीच वाटत होती. पण पाण्याच्या मधोमध तू माझ्याकडं तोंड करून विचारलंस, आक्का, आता काय करू. तुझं तोंड पांढरं पडलं होतं. तू घाबरून विचारलंस हे मला माहीत आहे. दुसरं कोणी बोटीत असतं तर त्यालाही विचारलं असतंस. पाळकसाहेबांना मात्र विचारलं नाहीस. मला विचारलंस. आपल्या घरातल्या माणसानं मला काय करू म्हणून विचारलेलं, गिदोन, मला आठवत नाही रे. कधीच नाही. बोर्डिंगातल्या मुली विचारतात, पण त्या मोठ्या होऊन जातात. मी तिथं त्या पाण्यात बसून तुला रागवत होते, आणि आतून इतकी सुखात होते की मला माझीच लाज वाटली. बुडालो असतो तर तशीच सुखात बुडाले असते.

म्हणून येते. पण पलंगावर बसायला नाही. प्रेमाच्या गुडघ्यानं पाणी भरवत नाही, ते मी पाहिलं. तू पाहिलंस का? सकाळचं स्वयंपाकघर माझं. तुमच्या वस्तीत मुली शाळा सोडून घरी बसलेल्या आहेत, त्यांना मी दुपारी घेऊन बसणार, त्याच पुढच्या खोलीत. आणि ह्यातलं काही जमणार नसेल तर आताच सांग, मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण सांग.

ट्रक घेऊन ये. मात्र तो दुसऱ्या कोणाला चालवू दे, आणि निघण्याआधी तापवत ठेवू नकोस.

प्रेमाला सांग, मी येते ती तिच्या मदतीला, तुझ्या नव्हे.
तुमच्या दोघांच्या मायेत मला जागा द्यावी,
तुझी आक्का


(पोस्टकार्ड)
दौंड,
ता. २७ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप आक्कास,
गिदोनचा सलाम. वि. वि.

पत्र वाचलं. प्रेमाला वाचून दाखवताना मला पुढं वाचवेना, तेव्हा उरलेलं तिनं मोठ्यानं वाचलं आणि तिलाही वाचवेना. सगळं जमेल. सगळं.

ट्रक सकाळी आणू का दुपारी? निळा रंग तुला आवडला नव्हता का? दुसरा कोणता देऊ? खुर्ची कुठं ठेवू? मुलींना बसायला सतरंजी घेऊ की बाकडी करून घेऊ? प्रेमा म्हणते, एवढं विचारू नका, त्या वैतागून निमोण्यालाच जातील. तर आक्का, विचारू का नको?

तुझ्या उत्तराची वाट बघत दारात उभा,
गिदोन